हरभऱ्याची आंब आणि माझं हृदय

पौष महिन्यात आमच्या कामरगावच्या शिवारात सकाळी असं धुकं उतरतं की आपण चालतो आहोत की तरंगतो आहोत, ते कळत नाही. नाल्यापलीकडचं लिंबाचं झाड अर्धंच दिसतं. कुणाच्या तरी बैलांच्या घंटा ऐकू येतात, बैल मात्र दिसत नाहीत. मला ती वेळ फार आवडते. अजूनही आवडते, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणाला वाटेल, या बाईनं त्या वेळेचा धसकाच घेतला असेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. आमचे हे शेती करतात. त्यांचं नाव देविदास, पण मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही. आमची एकुलती एक लेक निलू वाशीमला बँकेत आहे. तिच्यावरून मी त्यांना 'निलूचे बाबा' म्हणते आणि ते मला 'निलूची माय' म्हणतात.

सोयाबीन निघालं की आमच्या नाल्याकडच्या शेतात हरभरा असतो. हरभऱ्याला घाटे, म्हणजे शेंगा, धरले की त्याच्या पानांवर रात्रभर जे दव साचतं ते साधं नसतं. आंबट असतं, जिभेला झोंबतं. त्याला आमच्याकडे आंब म्हणतात. ऊन चढायच्या आत पांढरं स्वच्छ फडकं हरभऱ्यावर अंथरायचं, हलकेच पुढं पुढं ओढत न्यायचं, ओलंचिंब झालं की भांड्यात पिळायचं आणि ते पाणी बाटलीत भरून ठेवायचं. पोटदुखी, अपचन, करपट ढेकर, सगळ्यावर तेच औषध. माझी आई आंब काढायची, तिची आईही काढायची. माझं फडकं म्हणजे माझी जुनी पांढरी साडी, जी नेसून मी कित्येक वर्षं पौर्णिमेला विहारात गेले. ती विरली तेव्हा टाकून द्यायला मन होईना, म्हणून तिचा पदराकडचा भाग या कामाला ठेवला. वंदना ऐकून ऐकून मऊ झालेलं कापड आहे, त्यात आंब गोड उतरेल, असं मी म्हणायचे. हे म्हणायचे, "आंब गोड उतरली तं मंग आंब कायची?"

*

त्या हिवाळ्यात माझ्या छातीत जळजळ सुरू झाली.

शेताच्या मधून धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, जायला थोडा चढ आहे. फडकं ओढत ओढत त्या चढावर पोचले की छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ दाबून धरल्यासारखं व्हायचं. कधी ते गळ्यापर्यंत यायचं. मी थांबायचे. हे मागून भांडं घेऊन येत असायचे.

"काय झालं वं?"

"गॅस झाला वाटते. जळून राह्यलं."

"बस जरा. आंब पे."

मी धुऱ्यावर बसायचे. हे फडकं पिळून भांडं पुढं करायचे. थंडगार, आंबट घोट घशाखाली उतरायचा, अंगावर शहारा यायचा, एखादा ढेकरही यायचा, आणि थोड्याच वेळात ती मूठ सैल व्हायची. बोटं एकेक करून उघडावीत तशी. मग समोरचं धुकं, घाट्यांवरचं पाणी, यांच्या डोक्याचा रुमाल, सगळं पुन्हा जागच्या जागी यायचं. किती बरं वाटायचं म्हणून सांगू! जगात याच्याइतकं गुणकारी औषध नाही, अशी माझी खात्री झाली. मी शाळेत सांगितलं, विहारातल्या बायांना सांगितलं, निलूला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, डॉक्टरले दाखव ना एकदा." मी म्हटलं, "दोन मिनटात थांबणाऱ्या दुखण्याले डॉक्टर कायले?"

हेच वाक्य मला आता सगळ्या गावाच्या भिंतींवर लिहावंसं वाटतं, फक्त त्याच्यावर मोठी काट मारून.

*

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी धुकं फारच दाट होतं. मी नेहमीसारखी चढावर थांबले. नेहमीसारखी बसले. यांनी भांडं दिलं, मी प्याले आणि वाट पाहू लागले.

मूठ उघडेना.

"अजून पे," हे म्हणाले. मी अजून प्याले. आता जबडा दुखू लागला, खालच्या दाढा कुणी उपटतंय असा. डावा हात जड झाला. आणि त्या थंडीत माझ्या पाठीवरून घाम ओघळला. मला आठवतं ते एवढंच की मला भीती वाटली नाही. धुकं आता माझ्या आतही शिरतंय असं वाटत होतं, आणि ते फारसं वाईटही वाटत नव्हतं. वाईट वाटलं ते यांचा चेहरा पाहून.

"निलूची माय, अवं बोल ना!"

"फडकं," मी म्हटलं. "फडकं राह्यलं हरभऱ्यावर."

"राहू दे तुयं फडकं!"

त्यांनी मला उचलून नाल्यापर्यंत आणलं. या वयात कसं उचललं ते त्यांनाच ठाऊक. तिथल्या रस्त्यावर गावातली जीप भाजी घेऊन कारंज्याला निघाली होती. मेथीच्या जुड्यांमध्ये मला टेकवलं. कारंज्यापर्यंतचा तो रस्ता मी हजार वेळा बसनं गेले असेन, पण त्या दिवशी तो कुठल्या तरी दुसऱ्याच गावाला चालला होता. मेथीचा वास येत होता. यांचा हात माझ्या कपाळावर होता आणि हे पुन्हा पुन्हा ड्रायव्हरला म्हणत होते, "हळू चाल बापू," आणि लगेच, "अरे, जरा जोरात चाल!"

*

कारंज्यातल्या दवाखान्यात छातीला थंड जेली लावून ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढं ओढून बसले. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की समजावं.

"बाई, हा गॅस नाही. हा हार्ट अटॅक आहे."

मी म्हटलं, "पण मला शाळेत जायचंय. आज हेडमास्तर रजेवर आहेत."

हसू नका, खरंच हेच म्हणाले. माणसाला मोठी गोष्ट सांगितली की तो जवळची छोटी गोष्ट घट्ट धरतो. यांनी तर कमालच केली. "बायांले बी येते काय अटॅक?" असं त्यांनी विचारलं.

"बायांना हृदय नसतं का काका?"

यांनी डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला.

मला गोळ्या चावून खायला दिल्या, जिभेखाली एक ठेवली, सुया टोचल्या आणि अँब्युलन्समध्ये घातलं. अमरावतीला नेणार होते. वर काचेतून नुसतं पांढरं आभाळ दिसत होतं. मला वाटत होतं, मी अजून हरभऱ्यातच आडवी झाले आहे आणि कुणीतरी माझ्यावरून ते फडकं अंथरत, हळूच ओढत नेतंय. माझ्या अंगावर जे काही साचलंय ते टिपून घेतंय. आता पिळलं तर काय निघेल, असा विचार करता करता मी डोळे मिटले. सिस्टर ओरडल्या, "बाई, झोपायचं नाही! मुलं किती तुम्हाला?"

"वर्गात बत्तीस," मी म्हटलं.

*

अमरावतीच्या त्या थंड खोलीत मनगटातून नळी घातली. दुखेल असं वाटलं होतं, पण नुसती कळ आली आणि गेली. वर मोठा पडदा होता. त्यावर माझं हृदय दिसत होतं. आपलं हृदय आपण कधी बघू असं कुणाला वाटतं? ते काळंपांढरं होतं, हलत होतं आणि त्याच्यावर बारीक फांद्या पसरल्या होत्या. औषधानं मला गुंगी होती. मला ते नाल्यापलीकडचं लिंबाचं झाड वाटलं, धुक्यातलं. एका जागी एक फांदी मध्येच संपत होती. मग डॉक्टर काही तरी बोलले, छातीत एकदा जोराचा दाब आला, आणि ती फांदी हळूहळू पुढं उमटत गेली, टोकापर्यंत. मी रडले. दुखत होतं म्हणून नाही. झाड पूर्ण झालं म्हणून.

बाहेर डॉक्टरांनी यांना चित्र काढून समजावलं. हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं, ते या बारीक नळ्यांतून मिळतं. या नळ्यांच्या आत वर्षानुवर्षं चरबीचा थर बसतो. वाट अरुंद होते. माणूस बसलेला असला तर तेवढं रक्त पुरतं. चढ चढला, वजन उचललं, थंडीत चालला की पुरत नाही आणि छाती ओरडते. मग एक दिवस त्या थरावर रक्ताची गाठ धरते आणि वाट बंदच होते.

हे चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "म्हंजे आपल्या स्प्रिंकलरचं नोजल गाळानं चोक होते, तसं."

"तसंच," डॉक्टर म्हणाले. "आम्ही ते उघडलं आणि पुन्हा मिटू नये म्हणून आत जाळी बसवली."

*

आयसीयूत सकाळ आणि दुपार यांत फरक नसतो. तोच दिवा, तीच टिकटिक. रक्त काढायला येतात, बीपी बघायला येतात, चादर बदलायला येतात, आणि प्रत्येक जण जाताना म्हणतो, आराम करा. शेजारच्या पलंगावर दारव्ह्याकडची एक आजी होती. तिलाही जाळी बसवली होती. पडदा लावलेला असायचा, त्यामुळं मी तिला आधी नुसती ऐकली. तिला बिनसाखरेचा चहा मिळायचा आणि ती रोज सिस्टरला सांगायची, "माय, हा चहा नोय, हे गरम पानी हाय." ते ऐकून मला हसू यायचं आणि हसताना छाती दुखत नाही हे कळायचं. हसून बघायची मला भीती वाटत होती, ती त्या आजीनं घालवली. जाताना तिनं पडद्यातून हात घालून माझा हात दाबला. चेहरा दिसला नाही. हात मात्र अजून आठवतो, खरबरीत आणि ऊबदार.

भीती खरी तर नंतर आली, वॉर्डात हलवल्यावर. यंत्रं काढून घेतली आणि मला वाटलं, आता माझ्या हृदयाकडं लक्ष कोण ठेवणार? मीच ठेवू लागले. उशीला कान लावून ठोके ऐकायचे. ऐकलं की ते वाढायचे, वाढले की अजून ऐकायचे. हे ज्यांना होतं त्यांना सांगते, हे सगळ्यांना होतं, आणि सांगितलं की कमी होतं. मी निलूला सांगितलं. ती माझ्या उशाशी बसून मला गोष्टी सांगायला लागली, बँकेतल्या, कोण खडूस आहे, कोण डबा चोरून खातं. लेक आईला गोष्टी सांगून निजवते, तेही सुखच आहे.

पण त्याच निलूनं वॉर्डाच्या दारात बापाला धरलं. मी झोपले आहे असं तिला वाटलं.

"दोन महिन्यांपासून दुखून राह्यलं होतं तिले आन् तुमी तिले आंब पाजत बसले!"

यांच्या सदऱ्याच्या खिशातून आंबेच्या बाटलीचं बूच डोकावत होतं. त्या गडबडीतही ते ती बाटली घेऊन आले होते. न जाणो, लागली तर.

मला ओरडून सांगायचं होतं की पाजली नाही, मीच प्याले. पण औषधांनी जीभ जड झाली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा कुणावर तरी रागवायचंच होतं.

*

घरी सोडायच्या आधी मी डॉक्टरांना विचारलं, "मग आंब पिऊन मला बरं कसं वाटायचं?"

ते हसले. त्यांनाही आंब माहीत होती, अकोटकडचे होते. म्हणाले, "बाई, तुम्ही आंब प्यायच्या आधी काय करत होतात?"

"बसायचे."

"बस. तेच औषध होतं. तुम्ही बसलात की हृदयाचं काम कमी व्हायचं, आहे तेवढं रक्त त्याला पुरायचं, दुखणं थांबायचं. आंब तिथं नुसती हजर होती."

इतक्या सकाळी, इतक्या श्रद्धेनं प्यालेलं ते पाणी, आणि श्रेय सगळं एका साध्या बसण्याचं. मला जरा अपमान झाल्यासारखंच वाटलं. मग डॉक्टर म्हणाले, "चालताना येणारं आणि बसल्यावर जाणारं छातीचं दुखणं, हे गेलं म्हणून खूश व्हायचं नसतं. ते सांगून गेलेलं असतं." पोटाला आंब घ्यायला त्यांची हरकत नव्हती. छातीत दुखलं तर मात्र बाटली शोधायची नाही, दवाखाना गाठायचा. हे वाचणाऱ्यांना सांगते, तुमच्या घरी बाटलीत आंब नसेल, ओवा असेल, सोडा असेल, कुठली तरी पावडर असेल. गोष्ट तीच आहे.

*

घरी आल्यावर मी काचेची झाले. कुणी मला झाडू धरू देईना. विहारातल्या बाया भेटायला आल्या, जयभीम घातला आणि कुजबुजत बोलू लागल्या, जणू मोठ्यानं बोललं तर जाळी निसटेल. गोळ्या रोजच्या झाल्या, मीठ कमी झालं, तेलाचा तवंग गेला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, आधी अंगणात, मग रस्त्यानं, मग हळूहळू लांब. मी चालत होते. पुन्हा शाळेतही जाऊ लागले. पोरांनी विचारलं, "बाई, तुमच्या काळजात जाळी हाय म्हन्ते. मासोयी पकडाची जाळी काय?"

फक्त शेतात जायचं कुणी नाव काढेना.

पावसाळा गेला, सोयाबीन निघालं. दिवाळीनंतर मी सहज विचारलं, "हरभरा कधी पेरता?"

"नाई पेरत. गहू टाकला."

"नाल्याकडच्यात? तिथं गहू?"

"हो."

"काहून?"

"काहून म्हंजे? गहू खात नाई का आपन?"

त्यांच्या आवाजावरून मला कळलं. हरभरा नाही, तर आंब नाही. आंब नाही, तर मी धुक्यात त्या चढावर जाणार नाही. निलूच्या त्या एका वाक्यावर यांनी अख्खं शेत पालटून टाकलं होतं.

मला इतका राग आला की मी कमी मिठाची भाजी तशीच ताटात सोडून उठले. "मी मेली नाई अजून," मी म्हटलं. "मले जिवंतपनीच कायले शेतातून काढता?"

"तुले काढलं नाई," हे म्हणाले. "मले तो चढ पाह्यवत नाई."

मी तेव्हा ओळखलं की माझी वाट डॉक्टरांनी उघडली होती, पण यांच्या छातीत काहीतरी तसंच अडकून राहिलं होतं. त्याला कुणी नळी घालू शकणार नव्हतं. ते मलाच करायचं होतं, आणि मला करायचं तर त्या चढावर पाय ठेवूनच करावं लागणार होतं. जगले ते कशासाठी, अंगणात फेऱ्या मारायला?

*

पौषातल्या एका सकाळी मी उठले, स्वेटर घातला, मफलर बांधला, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी पदराच्या गाठीत बांधून घेतली. गार हवेत तोंडावर मफलर घ्यायचा, हेही डॉक्टरांनी सांगितलेलं. यांना म्हटलं, "मी शेतात चालली. याचं असंल तं या."

हे मागून आले.

धुकं तेच होतं. लिंबाचं झाड अर्धंच होतं. घंटा वाजत होत्या आणि बैल नव्हते. गव्हाचं कोवळं हिरवं रान पायाशी पसरलं होतं. मी हळूहळू चालत चढाच्या तोंडाशी आले आणि थांबले. दुखलं म्हणून नाही. समोर गहू संपत होता आणि धुऱ्यापर्यंत, त्या चढाच्या अंगानं, हरभरा होता. चिंचोळी पट्टी, घाट्यांनी लगडलेली, आंब झेलून पांढुरकी दिसणारी.

"हे काय?"

"गव्हाच्या बियान्यात मिसळला असंल," हे म्हणाले.

"आन् सरळ ओळीत उगवला?"

माझी पहिलीतली पोरं याहून बरं खोटं बोलतात.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. मला वाटलं, बाटली. पण निघालं ते पांढरं फडकं, धुतलेलं, घडी घातलेलं. त्या दिवशी हरभऱ्यावर राहून गेलेलं. मी दवाखान्यात असताना ते परत येऊन घेऊन गेले असणार आणि वर्षभर कुठं तरी लपवून ठेवलं असणार. मी विचारलं नाही.

मी ते हरभऱ्यावर अंथरलं आणि हलकेच ओढत चालू लागले. कापड ओलं होत गेलं, जड होत गेलं. चढ लागला. मागून त्यांची पावलं ऐकू येत होती आणि त्यांचा श्वासही, कारण ते तो रोखून धरत होते आणि सोडत होते. मी माझ्या छातीकडं कान दिला. तिथं माझं हृदय आपलं काम करत होतं, नेहमीचं, काही न सांगता. मी धुऱ्यापर्यंत पोचले. मूठ नव्हती. काहीच नव्हतं, फक्त थंड हवा आणि आंबट वास.

"बस जरा," हे मागून म्हणाले.

"कायले? मले काई दुखून नाई राह्यलं."

"मालूम हाय," हे म्हणाले. "तरी बस."

मी बसले. माझ्या शेजारी तेही बसले, आणि ऊन येईपर्यंत आम्ही फडकं पिळलं नाही.